श्यामचे निर्दोषपण आणि खोताचे देणे

१

मराठी समीक्षेने ‘श्यामची आई’ हे पुस्तक बव्हंशी दोनच रीतींनी हाताळले आहे. एका पक्षाने त्याची पूजा केली, दुसऱ्याने टिंगल. पूजकांच्या लेखी श्याम हा मराठी संस्कारांचा मूर्तिमंत आदर्श. टिंगल करणाऱ्यांच्या लेखी तो हळवा, रडका, आईच्या पदराआड दडणारा मुलगा. वरकरणी परस्परविरोधी असलेल्या या दोन पक्षांचे एका बाबतीत मात्र पूर्ण एकमत आहे. श्याम हा गुणी मुलगा आहे आणि त्याचे गुणीपण स्वयंभू आहे, हे दोघेही गृहीत धरतात. एकाला ते वंदनीय वाटते, दुसऱ्याला कंटाळवाणे, इतकाच भेद. हे गुणीपण आले कोठून, ते कशाची भरपाई करू पाहते आणि ज्या घरात ते वाढले त्या घराचे देणे नेमके कोणाला होते, हे प्रश्न दोन्ही पक्षांनी दूरच ठेवले आहेत.

हे प्रश्न दूर ठेवण्याची सोय मुंबईच्या उपनगरांत विशेषच झाली. पार्ले-अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पसरलेला मराठी मध्यमवर्ग हा ‘श्यामची आई’चा स्वातंत्र्योत्तर काळातील सर्वांत निष्ठावान वाचक. शाळांतील कथाकथन, बक्षीस म्हणून दिली जाणारी प्रत, आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाची पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी आठवण, या सर्वांतून येथे एक श्याम घडला. तो पाय स्वच्छ ठेवतो, आईचे ऐकतो, पानावर बसून अन्नाला नावे ठेवत नाही. गहाण पडलेली जमीन, खोती, कुळे, वेठ यांच्याशी त्याचा काही संबंध उरत नाही. कोकणातून आलेल्या कुटुंबाला गावाकडचे जे जे विसरायचे होते, ते ते या श्यामवरून पुसून टाकण्यात आले. निर्दोष श्याम ही साने गुरुजींच्या संहितेपेक्षा या वाचनसंस्कृतीची निर्मिती अधिक आहे, हा प्रस्तुत लेखाचा पहिला मुद्दा. या निर्मितीला समीक्षेने शास्त्रीय मान्यता मिळवून दिली, हा दुसरा. आणि तो अधिक गंभीर आहे.

२

प्रथम संहितेकडे वळले पाहिजे. या पुस्तकाचे बहुतेक लेखन फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात झाले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. त्याची रचना बेचाळीस रात्रींची आहे. प्रौढ श्याम आश्रमातील मित्रांना आपल्या आईच्या आठवणी सांगतो. म्हणजे येथे श्याम दोन आहेत: सांगणारा आणि सांगितला जाणारा. समीक्षेने या दोघांची सर्रास गल्लत केली. सांगितला जाणारा श्याम मुळीच आदर्श नाही. तो पोहायला जाण्याचे टाळून घरात लपतो. झाडावरच्या उमलण्याआधीच्या कळ्या हावरेपणाने तोडतो. पुस्तके घेता यावीत म्हणून पैसे चोरतो. घरातून पळून जातो. अनेक रात्रींचा कणा हा या मुलाचा एखादा दोष आहे. आदर्श आहे तो त्या दोषांकडे मागे वळून पाहणारा निवेदक, आणि तोही एवढ्याच अर्थाने की स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची त्याची तयारी अखंड आहे.

येथेच खरी अडचण उभी राहते. दोष लहान आणि पश्चात्ताप प्रचंड, असे या पुस्तकातील प्रमाण आहे. तोडलेल्या कळ्यांना किंवा चोरलेल्या थोड्याशा पैशांना इतके अश्रू पुरे पडत नाहीत. की त्या अश्रूंना ते दोष पुरे पडत नाहीत? टी. एस. एलियट यांनी १९१९ साली हॅम्लेटवर घेतलेला आक्षेप याच स्वरूपाचा होता. नायकाची भावना नाटकात दिसणाऱ्या घटनांपेक्षा मोठी आहे, तिला पेलेल असे वस्तुरूप नाटककाराला सापडले नाही, असे एलियट म्हणाले. मराठीतील कलावादी समीक्षेने साने गुरुजींवर ठेवलेला ‘भावविवशते’चा आरोप हा याच आक्षेपाचा घरगुती अवतार आहे. फडके-खांडेकर वादाच्या काळात साने गुरुजींना ‘जीवनवादी’ या टोपलीत टाकून देण्यात आले आणि त्यांच्या अश्रूंचा हिशेब करण्याची जबाबदारीच संपली.

पण एलियट यांच्या आक्षेपाला एक दुसरी बाजू आहे. भावना कारणापेक्षा मोठी दिसते तेव्हा लेखक अकुशल आहे, हा एक निष्कर्ष निघतो. खरे कारण दुसरीकडे आहे आणि दाखवलेले कारण त्याच्या जागी उभे केलेले आहे, हा दुसरा निष्कर्ष तितकाच संभाव्य असतो. पिएर माशरे यांनी साहित्यकृतीतील मौनांकडे लक्ष वेधले. फ्रेडरिक जेमसन यांनी १९८१ मध्ये ‘राजकीय नेणीव’ ही संकल्पना मांडली. मराठी विद्यापीठांत या दोन्ही नावांचा जप पुष्कळ झाला. आश्चर्य हे, की घरातल्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या पुस्तकावर या संकल्पना लावून पाहण्याचे धैर्य मात्र क्वचितच दाखवले गेले.

३

श्यामच्या घराचे पाप कोणते? ते पुस्तकात लपवलेले नाही. श्यामचे घराणे खोताचे आहे आणि निवेदक हे आरंभीच सांगतो. खोताविषयी गावात असलेल्या रोषाची सावलीही त्या आरंभावर पडलेली आहे. निवेदक प्रामाणिक आहे. खोती दडवली ती वाचकाने. पुढच्या रात्रींत भाऊबंदकी येते, वडिलोपार्जित घर सुटते, झोपडीत संसार मांडावा लागतो, कर्ज वाढते, सावकाराचा माणूस दारात बसतो, शेवटी जप्तीची दवंडी पिटली जाते. या क्रमात वाचकाच्या मनातला खोत पाहता पाहता ऋणको होतो. पुस्तक संपते तेव्हा वाचकाला सावकाराचा राग आलेला असतो आणि खोताचा विसर पडलेला असतो.

खोती म्हणजे काय, हे आजच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला माहीत असेलच असे नाही. रत्नागिरी व कुलाबा या जिल्ह्यांतील बहुसंख्य गावांत सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये खोत उभा असे. गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी त्याची. त्या बदल्यात कुळांकडून पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा घेण्याची वहिवाटही त्याची. सरकारला द्यावयाची रक्कम आणि कुळांकडून घेतलेला माल यांतील फरक म्हणजे खोताचा फायदा. याशिवाय वेठ होतीच: खोताच्या शेतावर, खोताच्या घरी, खोताच्या कार्याला मोफत राबणे. इंग्रज सरकारने १८८० च्या खोती कायद्याने ही व्यवस्था मोडली नाही. तिला नियमांच्या चौकटीत बसवले. कुळाची बाजू दुबळी राहण्याचे एक कारण असे, की आपण किती दिले आणि किती देणे आहे याचा कागद सहसा खोताच्याच घरात असे. श्यामच्या वडिलांचे कर्ज सावकाराच्या वहीत लिहिलेले होते म्हणून ते वाचकाला दिसते. कुळांनी पिढ्यान्‌पिढ्या दिलेल्या श्रमाची वही कोणी ठेवलेली नव्हती. म्हणून ते देणे ना पुस्तकाचा मुख्य प्रश्न झाले, ना समीक्षेचा.

ज्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ही कथा लिहिली गेली, त्याच १९३३ साली अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध कुळांचा संप सुरू झाला. तो १९३९ पर्यंत चालला. इतकी वर्षे जमीन कसण्यास नकार देऊन राहिलेल्या त्या कुळांच्या घरांतही मुले होती आणि आया होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर आला. ते विधेयक संमत झाले नाही; खोती निर्मूलनाचा कायदा व्हायला १९४९ साल उजाडावे लागले. ‘श्यामची आई’ महाराष्ट्रात घरोघर पोचत होती तो काळ आणि खोतीचा प्रश्न रस्त्यावर आला तो काळ एकच आहे. वाङ्‌मयेतिहासाच्या पुस्तकांत मात्र या दोन घटना एकमेकींना भेटत नाहीत.

४

हा अपराधभाव समजून घेण्यास पाश्चात्त्य परिभाषेची फारशी गरजही नाही. आपल्याकडे त्यासाठी नेमका शब्द आहे: ऋण. तैत्तिरीय संहितेत माणूस तीन ऋणे घेऊन जन्मतो असे सांगितले आहे. ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मणाने त्यांत चौथे घातले, मनुष्यांचे ऋण, आणि ते अन्न व आश्रय देऊन फिटते असे मानले. परंपरेने तीन ऋणे तोंडपाठ केली आणि चौथे सहसा विसरले. ‘पुत्’ नावाच्या नरकातून पित्याला तारतो तो पुत्र, ही व्युत्पत्तीही या ऋणविचाराचाच भाग. कर्जाला जिवंतपणीचा नरक मानणाऱ्या पुस्तकात श्यामचा आदर्शपणा या व्युत्पत्तीच्या उजेडात वाचला पाहिजे. ज्या घरावर देणे आहे त्या घराला निर्दोष मुलगा लागतो. ज्या घराचे येणे बाकी आहे, त्याला तसली निकड नसते.

तुलना करून पाहण्यासारखी आहे. दया पवार यांच्या ‘बलुतं’मधील (१९७८) किंवा लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मधील (१९८०) मुलगा निर्दोष दिसण्याची धडपड करीत नाही. भूक, चोरी, लाज, खोटेपणा हे सारे तो सांगतो. पण त्या सांगण्याचा सूर वेगळा आहे. तो वाचकाकडे हिशेब मागतो. श्याम वाचकाला हिशेब देत असतो. एकाच मराठी भाषेत, आठवणींच्या एकाच साहित्यप्रकारात, मुलाच्या कबुलीजबाबाला असे दोन उलटे प्रवाह का मिळाले, याचे उत्तर संस्कारांच्या चर्चेत सापडत नाही. कोण कोणाचे देणे लागतो, या प्रश्नातच ते सापडते.

पुस्तकातले दोन प्रसंग या दृष्टीने निर्णायक आहेत. श्यामच्या घरी कांडपाला येणारी मथुरी आजारी पडते आणि आई तिची आस्थेने काळजी घेते. दुसऱ्या प्रसंगात रस्त्यात एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी खाली पडते. ती उचलून तिच्या डोक्यावर द्यायला आई श्यामला सांगते, आणि घरी आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. पूजकांनी या प्रसंगांत करुणा पाहिली. विरोधकांनी आंघोळीवर बोट ठेवले. दोन्ही निरीक्षणे खरी आहेत आणि दोन्ही अपुरी. येथे चौथे ऋण फेडले जात आहे, पण दात्याच्या अटींवर. मथुरीच्या श्रमाचा मोबदला हा हक्काचा प्रश्न होत नाही, तो मायेचा प्रसंग होतो. मोळी उचलली जाते आणि लगेच पाण्याने व्यवहार पूर्ववत केला जातो. देणे मान्य आहे. पण त्याला देणे म्हणण्याची तयारी नाही, त्याला दया म्हटले जाते. आईच्या करुणेचा अस्सलपणा याने कमी होत नाही. उलट जी गोष्ट बोलता येत नव्हती तिच्याभोवती ही करुणा पुन्हा पुन्हा घुटमळते, म्हणूनच तिला इतके तेज आले आहे. आणि आईच्या मृत्यूसमयी श्याम जवळ नव्हता, या वेदनेवर पुस्तक सारा भार टाकते तेव्हा, फेडायचे राहून गेलेल्या सगळ्याच ऋणांना त्या एका दुःखात आसरा मिळतो.

५

या वाचनावर तीन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला असा, की मुलांच्या पुस्तकावर एवढा अर्थशास्त्राचा बोजा टाकू नये. पण हे पुस्तक मुलांना वाचायला देतात ती मोठी माणसे. मुलाने कोणाचे देणे लक्षात ठेवावे आणि कोणाचे विसरावे, हे त्या देण्यातूनच ठरते. आईचे ऋण शिकवले जाते. कुळाचे ऋण गाळले जाते. हे गाळणे तटस्थ नसते.

दुसरा आक्षेप चरित्राचा. साने गुरुजींनी खानदेशात शेतकऱ्यांसाठी लढे दिले, मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. अशा माणसाच्या पुस्तकावर खोतीचे पाप लादणे अन्याय नव्हे काय? येथे गोष्ट नेमकी उलट आहे. पुस्तकात जे दयेच्या भाषेत अडकले होते ते लेखकाने पुढे हक्काच्या भाषेत सोडवले. मोळी उचलून आंघोळ करणाऱ्या श्यामपासून पंढरपूरच्या उपोषणापर्यंतचा प्रवास हा त्या अपराधभावाचा सार्वजनिक कृतीत झालेला विकास आहे. पूजकांनी श्यामला पहिल्या पायरीवर गोठवून ठेवले आणि लेखकाच्या शेवटच्या पायरीचा उपयोग पहिल्या पायरीच्या समर्थनासाठी केला. मात्र हे सूत्र साने गुरुजींच्या १९५० मधील मृत्यूपर्यंत ताणणे अशास्त्रीय होईल आणि असभ्यही. समीक्षेचा अधिकार संहितेवर व सार्वजनिक कृतीवर चालतो. माणसाच्या अखेरच्या एकांतावर तो चालत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे: खोती संपली, कायदा झाला, १ एप्रिल १९५७ ला कूळकायद्याने कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानले, मग आता हा हिशेब कशासाठी? याचे उत्तर पुन्हा उपनगराकडे नेते. जमीन गेलेल्या खोतांची मुले नोकरीसाठी मुंबईत आली. जमिनीवर पोट भरत नव्हते अशा कुळांची मुले त्यांच्याही आधीपासून गिरण्यांत आली होती. चाळ सोडून उपनगरात घर घेण्याच्या पुढच्या काही दशकांच्या ओघात, आणि १९८२ च्या संपानंतर गिरणगाव विस्कटले तेव्हा, या दोन्ही घरांच्या पुढच्या पिढ्या एकाच लोकलच्या डब्यात आणि पुष्कळदा एकाच इमारतीत शेजारी झाल्या. ज्या जमिनीवर त्या इमारती उभ्या आहेत तिचाही इतिहास खोतीपासून मुक्त नाही. एकोणिसाव्या शतकात साष्टीतील गावेच्या गावे खासगी मालकांकडे गेली. पवई फ्रामजी कावसजी यांच्याकडे, १८३० मध्ये सात गावे बेहरामजी जीजीभाई यांच्याकडे. हे मालकही त्या काळी खोत म्हणूनच ओळखले जात. या इस्टेटींची सारामाफी रद्द करण्यासाठी १९५१ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. शेती करणारे आगरी, कुणबी, ईस्ट इंडियन आणि जंगलपट्टीतले वारली हे या जमिनीचे जुने कसणारे. आज उपनगराच्या मराठी साहित्यात त्यांचे स्थान शोधावे लागते.

अशा ठिकाणच्या महाविद्यालयात मराठीच्या वर्गात खोताची पणती आणि कुळाची पणती एकाच बाकावर बसलेल्या असू शकतात. दोघींना प्रश्नपत्रिकेत एकच प्रश्न येतो: श्यामच्या आईने केलेल्या संस्कारांचे स्वरूप स्पष्ट करा. दोघी एकच उत्तर लिहितात. एकीला हे उत्तर वारसा म्हणून मिळते. दुसरीला आपल्या पणजीच्या कांडपाचा उल्लेख न करण्याची अट पाळून ते लिहावे लागते. ती अट कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेली नाही. मराठी समीक्षेने ती आपल्या मौनाने घातलेली आहे.

६

सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये या पुस्तकावर पुन्हा चित्रपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. म्हणजे श्यामची गरज संपलेली नाही. पुस्तक अभ्यासक्रमातून काढून टाकण्याची मागणी अधूनमधून वैचारिक शौर्य म्हणून पुढे येते. ती मागणी टिंगलीचीच सुशिक्षित आवृत्ती आहे. पुस्तक काढून टाकले की खोतीचा पुरावाही जातो. कोकणातल्या एका खोताच्या मुलाने भर तुरुंगात, स्वातंत्र्याच्या लढ्याच्या मध्यावर, स्वतःला अपराधी मानून आपल्या घराची कथा सांगितली, ही मराठी वाङ्‌मयातली दुर्मीळ घटना आहे. सत्तेच्या बाजूच्या घरातून असा कबुलीजबाब सहसा येत नाही. तो पूर्ण नाही, त्याला आपल्या अपराधाचे नाव घेता आलेले नाही. पण अपूर्ण कबुलीजबाब पूर्ण करणे हे वाचकाचे काम असते आणि समीक्षकाचे तर कर्तव्यच.

त्यासाठी करावयाची गोष्ट साधी आहे. ‘श्यामची आई’ शिकवताना तिच्याबरोबर १८८० च्या खोती कायद्याची पार्श्वभूमी, चरीचा संप आणि १९३७ चे विधेयक शिकवले जावे. ‘बलुतं’ आणि ‘उपरा’ या पुस्तकांशेजारी ती ठेवली जावी. रडणाऱ्या श्यामला हसण्याआधी तो कोणासाठी रडतो आहे हे विचारले जावे. प्रश्नपत्रिकेत संस्कारांच्या प्रश्नाखाली आणखी एक प्रश्न यावा: मथुरीला कांडपाची मजुरी किती मिळत होती आणि ती ठरवीत कोण होते? या प्रश्नाचे उत्तर पुस्तक देत नाही. ते शोधण्यासाठी विद्यार्थ्यांना दफ्तरखान्यात, गॅझेटिअरमध्ये आणि स्वतःच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जावे लागेल. संस्कारांचे उत्तर लिहिण्यासाठी त्यांना आजवर कोठेही जावे लागलेले नाही.